लांब केसांचं पिल्लू

१४ मार्च

प्रिय ढब्बू,

सात वर्षांनी ताईचं पत्र बघून दचकू नकोस. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझी दाढ थांबली का दुखायची? वेडीच मी, सात वर्षांपूर्वीची दाढ विचारतेय!

आधी मांजरांची बातमी. जानेवारीत चार पिल्लं झाली. तीन अगदी बाबांच्या मनासारखी: निळसर राखाडी, तोंड गोल गरगरीत, केस आखूड आणि इतके दाट की उलटा हात फिरवला तरी उभेच्या उभे. डोळ्यांना तांब्याचा रंग यायला अजून वेळ आहे. चौथं मात्र महिन्याभरात लांब केसांचं दिसायला लागलं. झिपरं मेलं!

सात वर्षांपूर्वीही असंच एक निघालं होतं. खिडकीची कडी लावायचं काम तुझं, म्हणून बाबा तुझ्यावरच उखडले. "बाहेरचा बोका आत येऊ दिलास. माझ्या तीस वर्षांच्या पैदाशीवर पाणी फिरवलंस!" असं म्हणून तुला घराबाहेर काढलं.

पण आता खिडकीला जाळी आहे. बोका येणार कुठून? जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांची वंशावळीची वही नीट वाचली. म्हणाल्या, "आजोबा, हे लांब केस तुमच्या पहिल्या जोडीतच दडलेले होते. आई आणि बाप, दोघांकडून आले की दिसतात." पहिली जोडी म्हणजे धान्याच्या गोदामात उंदीर मारणारी ती मांजरी आणि शिंप्याचा बोका. दोघं बाबांनीच निवडलेली.

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "पोराला उगाच घालवलं मी. त्याला लिही. ये म्हणावं."

मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही.

का, ते ऐक. तेव्हा एका दुपारी कडी मी काढली होती. केस वाळवत खिडकीत बसले आणि तशीच उठले. बाबा उखडले तेव्हा तू शपथा घेत होतास आणि मी मुकाट्याने भांडी घासत होते. तुला लिहायचं तर हे सांगावं लागणार. बोका आलाच नव्हता, हे आता कळलं. पण मी तोंड शिवून बसले, ते तर खरंच ना?

बाबा रोज विचारायचे, "उत्तर आलं का?" मी म्हणायचे, "पत्र टाकलंय, येईल." तीन आठवडे हेच. मग विचारायचे थांबले. "रागावलाय. त्याचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी बाबा गेले. तू उत्तर दिलं नाहीस, असं समजून गेले रे.

ये म्हणायला मला तोंड नाही. शिव्या द्यायला तरी ये.

तुझी,
ताई