दोह्याच्या जुलैत चार गोल्डफिश

५ जुलै २००२, शुक्रवार
मैमुना आणि इनायाला एअरपोर्टवर सोडून आलो. सुट्टीसाठी रत्नागिरीला, राजिवड्याला मैमुनाच्या माहेरी. ऑगस्टअखेर परत. तोवर हॉलमधल्या फिश टँकचा चार्ज माझ्याकडे. चार गोल्डफिश. नावं इनायाने ठेवलेली: रॉकेट, जेली, बेबी आणि मॅथ्यू सर. शेवटचा डोळे वटारून बघतो म्हणून गणिताच्या सरांचं नाव.

इनाया निघताना इंग्लिशमध्येच म्हणाली की अब्बा, डोन्ट लेट देम गेट हॉट. आठ वर्षांची पोर, पण बोलली ऑफिसरसारखी. मी प्रॉमिस केलं. मैमुना म्हणाली, एसी चालू ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका. तिला माझी कपॅसिटी अजून कळलेली नाही. आमच्या सात पिढ्या माशांवर जगल्या.

गेटमध्ये शिरताना ती असंही म्हणाली की मोठा फ्लॅट मिळाला तरच परत येईन. एका हॉलमध्ये संसार होत नाही. मी हसलो. तिची विनोदबुद्धी चांगली आहे.

संकल्प: १) रोज पहाटे कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालणे. २) मुदीरकडे, म्हणजे ऑफिसातल्या साहेबांकडे, कंपनीच्या फ्लॅटचा विषय काढणे. अल रय्यानला, दोन बेडरूम. ३) मासे गार ठेवणे. हे तर काहीच नाही.

८ जुलै, सोमवार
चालणे सुरू केलेलं नाही. पहाटेही चष्म्यावर वाफ धरते. हवा बदलली की सुरू.
मुदीर सुट्टीला लंडनला गेलेत. म्हणजे फ्लॅटबद्दल शांतपणे विचार करायला मला वेळ मिळाला.
एसी खडखड करत होता. मेकॅनिक कशाला? पुढचं झाकण काढून स्वतः साफ केला. आवाज पूर्ण बंद.

९ जुलै, मंगळवार
एसीही पूर्ण बंद.
वॉचमन रहमानला सांगितलं. तो म्हणाला, मेकॅनिक बुकरा येईल, इन्शाल्ला. बुकरा म्हणजे उद्या. कुठला उद्या, ते सांगायची पद्धत इथे नाही.
टँकच्या काचेवरचा थर्मामीटर: ३३. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. भुकेले असावेत. जास्त खाणं टाकलं.

१२ जुलै, शुक्रवार
पाणी ३५, शिवाय गढूळ. शास्त्रशुद्ध निर्णय घेतला: अर्धं पाणी काढायचं आणि नळाचं गार पाणी भरायचं. पाइप लावला आणि चहा ठेवायला गेलो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते. जुलैत इथे गार पाण्याचा नळ चहाला चालेल असं पाणी देतो. अकरा वर्षं मी याच पाण्याने अंघोळ करतोय, मला माहीत नाही असं नाही. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच. मैमुना मे महिन्यापासूनच गीझर बंद करून त्यातलं सावलीतलं पाणी वापरते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आज कळलं.
जेली गेली.
संध्याकाळी रत्नागिरीला फोन. इनायाने विचारलं, हाऊ आर दे? म्हटलं, सगळे मजेत. पोरीची सुट्टी कशाला खराब करायची? मैमुनाने फ्लॅटचं विचारलं. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

१६ जुलै, मंगळवार
मेकॅनिक: बुकरा.
रात्री मीच तव्यावर झोपल्यासारखा झोपतो. पण स्वतःचा विचार करायची ही वेळ नाही.
नवी पद्धत: लबनच्या, म्हणजे ताकाच्या, रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि त्या टँकमध्ये सोडायच्या. उत्तम चालली. दुपारपर्यंत ३५ वरून ३१. ऑफिसात सांगितलं, तर सगळे गप्प झाले. प्रभाव पडला.
घरी आल्यावर वाटलं, एवढ्यावर का थांबायचं? फ्रीझरमधला सगळा बर्फ ओतला. बघता बघता २१! रॉकेट कुशीवर झोपून आराम करतोय. किती दिवसांनी बिचाऱ्याला गारवा मिळाला.

१७ जुलै, बुधवार
रॉकेटचा आराम कायमचा ठरला.

१९ जुलै, शुक्रवार
फोन. इनायाने विचारलं, रॉकेट खातो का? म्हटलं, हल्ली काही खात नाही. यात खोटं काही नाही.
मैमुना म्हणाली की इनाया मामूच्या शाळेत जाऊन बसते. युनिफॉर्मही शिवला. सुट्टीतही पोरीला शाळेची गोडी! माझ्यावर गेली आहे. आज ती माझ्याशी अर्धं मराठीत बोलली. इथे सात वर्षांत जमलं नाही ते पंधरवड्यात झालं. मैमुना आणखीही काही सांगत होती, पण कार्ड संपलं.

२४ जुलै, बुधवार
विजय! टँकचं झाकण काढून वर टेबल फॅन लावला. वाऱ्याने पाण्याची वाफ होते आणि पाणी गार होतं. आपला माठ, दुसरं काय! थर्मामीटर २९. बेबी आणि मॅथ्यू सर खाली उतरून फिरू लागले. मैमुनाला वाटतं मला काही जमत नाही.
त्याच हुरुपात मुदीरना फ्लॅटबद्दल ईमेल केला. सकारात्मक उत्तर येणार.

२५ जुलै, गुरुवार
झाकण असतं ते मासे बाहेर उडू नयेत म्हणून.
बेबी टीव्हीच्या मागे सापडली. मॅथ्यू सर माझ्याकडे बघत होते. मी टँकवर टॉवेल टाकला.

३० जुलै, मंगळवार
मुदीरचं उत्तर आलं. एका ओळीत. मोठा फ्लॅट यंदा नाही, पुढच्या वर्षीही सांगता येत नाही. म्हणजे दार उघडं आहे.
वरच्या मजल्यावर धोंडीरामभाऊ राहतात, साताऱ्याकडचे, कंपनीची व्हॅन चालवतात. एका खोलीत पाचजण, पण एसी बर्फासारखा. ते म्हणाले, फजलभाई, मासा घ्या अन् वर या, उगा हट्ट करू नका. बादलीत मॅथ्यू सर, काखेत उशी, असा वर गेलो. ही माघार नाही. स्थलांतर आहे.
त्या खोलीत कोणाचीच बायकापोरं इथे नाहीत. सगळे बादलीभोवती बसले. एकाने सरांना त्याच्या पोराचा पहिलीचा निकाल सांगितला. मला तिथे चांगली झोप लागली, हे जरा खटकलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार
दुपारी अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली. बाहेर ४७. बादलीचं पाणी कोमट, सर वर येऊन तोंड उघडायला लागले. धोंडीरामभाऊंनी चावी उचलली. यल्ला, व्हॅनमध्ये बसा, तिथे एसी आहे.
बादली मांडीवर घेऊन कॉर्निशला फेऱ्या मारल्या. मॉलमध्ये शिरायचा प्रयत्न केला. सिक्युरिटीवाला म्हणाला, बादली नाही. मी म्हटलं, आत मासा आहे. तो म्हणाला, मासाही नाही. परत व्हॅनमध्ये. वळणावर अर्धं पाणी माझ्या पँटवर आलं. धोंडीरामभाऊंनी प्यायच्या गार पाण्याची बाटली पुढे केली. थोडं थोडं ओतलं. या वेळी घाई केली नाही. सर सावरले.
मग मला काय झालं कळेना, रडू आलं. भाऊ समोर बघत गाडी चालवत राहिले. थोड्या वेळाने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, वहिनींना सगळं खरं सांगा.
लावला. मी तोंड उघडायच्या आत मैमुनाच म्हणाली की तिसऱ्यांदा सांगतेय, तुम्ही ऐकून घेत नाही. इनायाचं नाव इथल्या शाळेत घातलं. आम्ही येणार नाही. तुमच्यावर राग नाही, पण त्या हॉलमध्ये माझ्याने आता होत नाही.
मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, तीन मासे मेले.
मैमुनाने इनायाला फोन दिला. मी तिला सगळं सांगितलं. नळ, बर्फ, फॅन, सगळं. ती म्हणाली, अब्बा, मॅथ्यू सर एकटे नको. त्यांना दुसऱ्या माशांत सोड. स्वच्छ मराठीत म्हणाली.

३ ऑगस्ट, शनिवार
ऑफिसला दांडी मारून सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे अबूबकर नावाच्या मासेविक्याच्या दुकानात मोठा टँक, त्यात तसलेच पुष्कळ गोल्डफिश. त्याने पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग हळूच उघडली. सर आत गेले. मी पैसे द्यायला वळलो तर तो म्हणाला, द्यायचे कसले? परत काचेकडे बघितलं तर आपला कोणता ते ओळखता येईना. बराच वेळ बघितलं. एकही डोळे वटारेना.
अबूबकरने विचारलं, घरचा रिकामा टँकही विकायचा का? मी म्हटलं, छे, डिसेंबरात मुलगी येणार आहे. डिसेंबरात इथली हवा फार छान असते. मासे ठेवायला तोच खरा सीझन.
घरी आलो. रहमान जिन्यात भेटला. म्हणाला, मेकॅनिक येऊन गेला, खलास, एसी एकदम नवा झाला.
दार उघडलं. हॉल थंडगार.
थोडा वेळ उभा राहिलो. मग एसी बंद केला आणि उशी आणायला वर गेलो. तिथेच झोपलो.