डब्यातलं वायफाय

सोम. ३ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. विम्याच्या तक्रारी ऐकायचं माझं काम, आणि तक्रार काय? "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय." खुर्चीवर उभी राहून बोलले, खिडकीत बसून बोलले. मग कॉलच कट.
टी.एल.ने, म्हणजे आमच्या टीम लीडरने, सांगितलं, शुक्रवारी १४ला तपासणी कॉल. आवाज तुटला तर एक तारखेपासून ऐरोलीच्या ऑफिसात. नागावहून ऐरोली, रोज! नोकरी सोडा असं सरळ म्हणायला काय जातं?
सासूबाईंना सांगितलं. "सोड मंग. पावन्यांचं जेवान कोन करनार?" आनंद लपवण्याचे कष्टही घेतले नाहीत बाईंनी.

मंगळ. ४
अलिबागहून रिपीटर आणला. पैसे पाण्यात. चिऱ्याच्या या जाड भिंती. पुढच्या दोन खोल्या भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांना, मध्ये सा.बाईंची खोली, राउटर त्यांच्या माळ्यावर. आम्ही अगदी मागे. रिपीटरलाच काही मिळत नाही, तो पुढे काय देणार? मोबाइलला तर घरात एक काडी, तीही जाऊन-येऊन.
प्रशांतला फोन. ट्रेलर घेऊन उरणला अडकलाय. "आईच्या खोलीत हात नको लावू हां." नवरा केलाय की निरोप्या, कळत नाही.

गुरु. ६
सा.बाई चौलला हळदीला गेल्या. स्टूल घेऊन माळ्यावर चढले.
राउटर दिसेना. वायर दिसली. वायर एका फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात शिरत होती. खिळ्याने भोक पाडलेलं, झाकण घट्ट, वर जुना टॉवेल. आत राउटर. शेजारी तांदळाची पुरचुंडी, ओल धरू नये म्हणून! अंधारात बिचारा हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला.
एवढे महिने मी शिव्या खाल्ल्या त्या या डब्यामुळे. हसूच येईना, इतका राग आला.
बाहेर काढला. माजघराच्या दारावर, उंच, घराच्या बरोब्बर मध्ये ठोकला. माझ्या खोलीत सगळ्या काड्या. आनंदाने रडायचीच बाकी होते.

शुक्र. ७
राउटर परत डब्यात.
"पयलं मशीन खाऱ्या वाऱ्यानं गंजलं. ह्ये न्हाय गंजू द्याचं मला." या घरात मिक्सरला पिशवी, टीव्हीला गोधडी, शिलाई मशीनला तेलाचं फडकं. मान्य, इथे कडीसुद्धा हातात येते. पण पत्र्यातून वायफाय बाहेर येत नाही, हे तीन वेळा सांगितलं.
"आमच्या पावन्यांना येतं. तुलाच कसं न्हाय येत?"
त्यांची खोली डब्याला चिकटून आहे, बाई! नाही बोलले. पुढच्या वेळी बोलेन.

शनि. ८
भंगारवाला आला होता. डबा त्याला देऊन टाकला. राउटर पुन्हा दारावर.
सा.बाईंनी अबोला धरलाय. छान झालं.

रवि. ९
रविवार म्हणजे नणंदेचा व्हिडिओ कॉल, कुवेतहून. सुनीताताईंची छकुली अकरा महिन्यांची. दर रविवारी सा.बाई इस्त्रीची साडी नेसून मागच्या पडवीत फोनसमोर बसतात आणि समोर नुसतं गोल गोल फिरतं. आज चित्र लख्ख. नातीचे दोन दात दिसले. सा.बाई ओरडून सगळ्या आळीला सांगत होत्या.
मला ऐकू येईल अशा म्हणाल्या, "आज सुनीताकडचं नेट चांगलं हाय."
मी भांडी आपटली.

बुध. १२
पुण्याचे दहा पाहुणे. दहाच्या दहा क्रिकेट बघतायत, आपापल्या फोनवर. दुपारचे माझे सगळे कॉल तुटले. पाहुण्यांना विनंती करायला गेले तर सा.बाई आडव्या. "वायफाय पावन्यांसाठी घेतलाय. तुज्यासाठी न्हाय."
हे तोंडावर. पाहुण्यांसमोर. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी.
परवा तपासणी आहे. नोकरी गेली तर मी जन्मभर हाच ट्रे धरणार.

शुक्र. १४
सकाळी पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही.
कॉल झाला. एकदाही तुटला नाही. टी.एल. म्हणाली, "एक महिना असंच राहिलं तर घरून काम चालू ठेवू."
बाहेर पाहुण्यांचा आरडाओरडा. सा.बाई दारात: "पासवर्ड काय हाय?"
"मला नाही माहीत."
"तूच केलंस."
"हो."
प्रशांतचा फोन. "दे ना आईला. कशाला वाढवतेस?" फोन ठेवला. मी.
पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून देता येतं, माझ्या कामाला धक्का न लावता. मला येतं ते. करणार नाही. आधी त्यांनी म्हणावं, चुकले.

शनि. १५
पाहुणे एक दिवस आधीच गेले. सा.बाई दिवसभर बडबडत होत्या, भिंतीकडे बघून. संध्याकाळी माझ्या टेबलावर तळलेल्या बोंबलांची ताटली आणून ठेवली. बोलल्या नाहीत, बघितलंही नाही. लग्नाला चार वर्षं झाली, असं पहिल्यांदाच. मला समजलं काय आहे ते. उद्या रविवार.
बोंबील खाल्ले. पासवर्ड दिला नाही. तोंड उघडून मागू देत.

रवि. १६
सा.बाई इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसल्या. अकरा वाजले, साडेअकरा. मोबाइलच्या एका काडीवर लावून बघतात, तुटतं, परत लावतात. मागायला आल्या नाहीत. मी कपडे वाळत घालत होते, मुद्दाम त्यांच्या समोर.
मग माझा फोन वाजला. सुनीताताई. "वहिनी, आईचा व्हिडिओ लागतच नाहीये. अगं, छकुली चालायला लागली! आत्ता, चार पावलं टाकली. आईला दाखवायचंय गं. तुमचं नेट गेलंय का?"
"हो," म्हटलं, "सकाळपासून गेलंय."
ताईंच्या भुवया वर गेल्या. मग माझ्या लक्षात आलं, त्या मला व्हिडिओवर दिसत होत्या. लख्ख. नेट गेलेल्या घरात! मागे छकुली, टेबल धरून उभी.
वळले तर सा.बाई पाठीशी. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे. माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.
छकुलीने टेबल सोडलं.