घरात न आणलेलं सोनं

आई, जानेवारीच्या सुट्टीत आम्ही साउथ आयलंडला जाऊन आलो. लोअर हटच्या घरून निघालो, गाडीसकट फेरीबोटीत बसून समुद्रापलीकडच्या त्या बेटावर गेलो आणि वळणं घेत घेत ॲरोटाउनला पोचलो. कधीकाळी सोन्यापायी तिथे माणसांची झुंबड उडाली होती. आता नदीकाठी चिनी खाणकामगारांच्या बुटक्या झोपड्या उरल्यात आणि दुकानात पसरट थाळ्या भाड्याने मिळतात. थाळीत नदीची वाळू घ्यायची, पाण्यात घोळवायची. माती वाहून जाते, सोनं असलंच तर तळाशी राहतं. तू तांदूळ रोळायचीस, अगदी तसंच. मला पहिल्या फटक्यात जमलं, नवऱ्याला काही जमलं नाही.

तुझी नात मात्र दुपारभर गार पाण्यातून हलायला तयार नव्हती. शेवटी ओरडली, "आई, लुक! आय फाउंड गोल्ड!" तिच्या बोटावर पिवळा कण होता, मोहरीहूनही लहान. आणि माझ्या तोंडून निघालं, "टाक ते आधी! सापडलेलं सोनं घरात आणतात का?"

शब्द तुझे होते, आवाजही तुझाच. मी तेव्हा तिच्याएवढीच असेन. शाळेच्या वाटेवर सापडलेला सोन्याचा मणी घेऊन मी स्वयंपाकघरात येते, तू पोळ्या करते आहेस. पिठाच्या हातानेच माझं मनगट धरून तू मला देवळात नेतेस आणि मणी दानपेटीत टाकायला लावतेस. त्यानंतर आठवड्याभरात बाबांना कावीळ झाली आणि ते गेले. तू त्या मण्याचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मीही विचारलं नाही. पुढे फार्मासिस्ट झाले, कावीळ दिसायच्या कितीतरी आधी अंगात शिरलेली असते हे शिकले. डोक्याला पटलं, पण पोटातली भीती गेली नाही. तू मला दोष देतेस आणि बोलत नाहीस एवढंच, असं मी तू जाईपर्यंत धरून चालले, आणि नंतरही.

लेक नदीतूनच म्हणाली, "पण आई, इट वॉझंट जस्ट लाइंग देअर. आय लुक्ड फॉर इट. हीप्स!" म्हणजे ते नुसतं पडलेलं नव्हतं, तिने खूप खूप शोधलं होतं.

मला हसूच फुटलं. तिच्यावर राग जराही नव्हता. तिला काही होईल या धास्तीनेच मी ओरडले होते. तूही त्या दिवशी अशीच घाबरली असशील, माझ्यासाठी. आणि नंतर गप्प राहिलीस ती माझ्या डोक्यावर ते ओझं नको म्हणून. काठावरच्या दगडावर बसून मी एकाच वेळी रडले आणि हसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं, ऊन लागलं.

कण औषधाच्या छोट्या बाटलीत ठेवलाय. घरी सगळे खुशाल आहेत. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून घडी करून त्या बाटलीखालीच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. बाटली अजून गॅरेजमध्ये आहे. लेक रोज विचारते, घरात कधी आणायची? आजीला आवडणार नाही, असं सांगून मी तुझं नाव पुढे करते.