‘म’ मवाळांचा

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी.
विषाणू अंगात शिरला की दोन प्रकारच्या टी पेशी कामाला लागतात. पहिल्या, विषाणू लपलेल्या पेशी ठार करणाऱ्या. दुसऱ्या त्यांना आवरणाऱ्या: बास, आता घर पाडाल! मी त्यांना जहाल आणि मवाळ म्हणतो. शेजारच्या टेबलावरची सहकारी त्यांनाच मारक आणि शामक म्हणते. अगदीच नीरस.
तिच्या उंदरांसाठी दोन औषधं भरून दिली. एक जहाल पेशी काढून टाकणारं, एक मवाळ. मवाळवाल्या नळीवर ‘म’ लिहिलं. दुसरी नळी ओघानेच कळते. संकल्प: लेबलांत वेळ घालवायचा नाही.

१७ मार्च
शेजारणीचे निकाल उलटे. जिथे विषाणू मोकाट सुटायला हवा होता, तिथे तो साफ, वर फुफ्फुसं सुजलेली. सर म्हणाले, तुमचा हात चुकलाय, सगळं पुन्हा करा. रजा रद्द. तिच्या बहिणीचे दिवस भरत आलेत आणि मेहुणे बोटीवर नोकरीला. वाईट वाटलं. तिला म्हटलं, होतं असं.

१८ मार्च, जेवताना
तिचा ‘म’ मारकचा!
डबा बाजूला सारला. उंदीर बरोबर, तीही बरोबर. नळ्यांची नावं फक्त उलट वाचायची, की निकाल चोख. मी एक वाक्य बोललो की ती रजेवर. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

१९ मार्च
तिचा मूड नव्हता.

२० मार्च
सरांचा मूड नव्हता. सध्या माझ्यात मवाळांचं बहुमत आहे. शास्त्रीयदृष्ट्या चांगलंच ते, नाहीतर आपलंच नुकसान होतं.

२१ मार्च
तिनेच मला सॉरी म्हटलं. तू इतकं नीट भरून दिलंस, मीच कुठेतरी माती खाल्ली, म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे सगळे पिंजरे घासून दिले. जरा हलकं वाटलं. मग ती म्हणाली, किती चांगला आहेस रे. तेवढं हलकं वाटलेलंही गेलं.

२४ मार्च
आरशासमोर सराव. वाक्य छान बसलं. त्यात ‘मी’ येत नाही.

२५ मार्च
सांगायला उठलो आणि तिचा फोन वाजला. ती मावशी झाली. बहिणीला घरमालकिणीने दवाखान्यात नेलं, सोबत आपलं माणूस कोणी नव्हतं. फोन ठेवून ती हसली, मग रडली.
तेव्हा सांगितलं. सरांसमोर, एका दमात. सरांनी नावं उलटी करून तक्ता पाहिला. सगळं जागच्या जागी. ती एवढंच म्हणाली, एकच वाक्य होतं रे. आणि रजेचा अर्ज पुढे केला.

२६ मार्च
ती गेली. जाताना माझ्या कॉफीच्या मगावर लेबल करून गेली. कोणाचा गोंधळ नको म्हणून पूर्ण शब्द: मवाळ.
घासून पाहिलं. जात नाही. परमनंट मार्कर. माझाच.