पाळीचं अंथरूण

सोलापूर,
१२ मार्च १९७४

प्रिय गुरम्मा,

पोस्टकार्डावर भागणारं नाही, म्हणून पाकीट घेतलं. एकटी असताना वाच.

तू विचारलं होतंस, अक्का, दोन खोल्यांचं घर का बघत नाही? अगं, या गावात एक वेळ नवरा मिळेल, खोली मिळणार नाही. गिरणीत पाळ्या, तशा आमच्या दहा बाय दहातही पाळ्या. रात्री तुझे दाजी ज्या अंथरुणावर झोपतात, त्यावर दिवसा रात्रपाळीचा मडिवाळप्पा. मधे माझी जुनी साडी टांगलेली. भाड्याला हातभार म्हणून मीच त्याला ठेवून घेतलं. गळ्यात लिंगाची चांदीची डबी दिसली, म्हटलं आपला माणूस. हात दाखवून अवलक्षण! त्या डबीत तो अफूच्या गोळ्या ठेवतो. देवाच्या डबीला कोण हात लावणार? मागावर उभं राहून दाजींची पाठ धरायची, त्यानं एक गोळी दिली. आता गोळीवाचून त्यांना चहाची बशीही धरवत नाही. तो म्हणेल ती पूर्व.

शेवटच्या खोलीतली रत्नम्मा आठवते ना, गुडघे धरलेली विधवा? एकटीला सबंध खोली, हे त्याला सलायचं. एकदा मला म्हणाला, "वैनी, खोली मिळत न्हाय असं न्हाय. कुणालातरी उठावं लागतंय की." मी वेडी हसले. महिन्याभरानं भर दुपारी रत्नम्मा जिन्याखाली डोकं फुटून पडलेली सापडली. पोलिसांनी पाय घसरला असं लिहिलं. तळमजल्यावरची बाई, तिचं जिन्यावर काय काम? त्या दुपारी त्याचं अंथरूण रिकामं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी घरी असलेल्या दाजींनी मात्र पोलिसांना तो झोपला होता म्हणून सांगितलं, आणि मी तोंडाला पदर लावून गप्प बसले. त्याची लाज वाटते गं. आठव्या दिवशी तिच्या दाराला मडिवाळप्पाचं कुलूप लागलं. आता चाळीत माणसं दिवसाही आतून कडी लावतात.

त्या खोलीत त्याला बायको हवी आहे. संक्रांतीला तुझी नीलम्मा आली होती, तेव्हा त्यानं तिला पाहिलं. दाजींनी मला न विचारता शब्द देऊन टाकला. रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं मंगळवेढ्याला पोरगी मागायला येतायत. शनिवारीच तिला अकलूजला तिच्या आत्याकडे धाड. ती तिकडे पोचली की मी फौजदारापुढं जाऊन खरं ते सांगणार आहे. आणि गुरम्मा, आपल्या घरचा थोरला जावई दारात आला म्हणून पाट मांडू नकोस. पाणीसुद्धा विचारू नकोस. माझा नवरा आहे, मी काय लिहितेय ते मला कळतंय.

तुझीच,
दाक्षायणी अक्का