पिवळा दिवा

गुरुवार, कशेळे

जाईमावशी माझ्या जीपला भिऊन पळाली. माझ्या! अजून खरं वाटत नाही.

कालच चौक गावच्या गॅरेजात जीपला नवे बल्ब बसवले. आधी डावा दिवा पिवळा, उजवा पांढरट; घरात बायकोसुद्धा हसायची. गॅरेजवाल्याने पिवळे आणि पांढरे, दोन्ही पेटवून दाखवले. मी पांढरेशुभ्र घेतले. पिवळ्यात दिसतं काय?

आज अंधार पडताना वाडीच्या वळणावर आलो. मावशी रोज तिथेच जीपमध्ये बसायला हात करते. आज लख्ख दिसली, डोक्यावर लाकडाची मोळी. आणि मोळी टाकून ती थेट उतारावरून खाली पळाली. गाडी थांबवून धावलो, तर ओहोळात पडलेली, गुडघा फुटलेला.

"मावशी, मी गं, सलीम!"

"तू हाय व्हय? मला वाटलं, फॉरेस्टवाल्यांची गाडी, मोळी धरत्यात त्ये. तुजा येक दिवा पिवळा आसतो ना रं. आमी सगळी त्याच्यावरच वळखतो."

आमी सगळी. म्हणजे काल त्या वळणावर कुणीच नव्हतं, ते नव्हतंच की झाडीत दबून बसलं होतं? मी तर रिकामी जीप घेऊन मजेत पुढे गेलो.

आणि तो पिवळा बल्ब मी गॅरेजच्या कचऱ्यात टाकून आलो. सकाळी जाऊन तसाच मागायचा, दुसरं काय.

इतक्या वर्षांत ते वळण एवढं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. आणि दिसलं काय, तर मावशीच्या तोंडावरची भीती. माझी भीती.