एक्केचाळीस वर्षांच्या धमन्या

१२ जानेवारी, सोमवार
डायलिसिसला बसण्याआधी परीक्षा झाली. आमच्या लॅम्प्टी डॉक्टरांचं काही संशोधन चाललंय. दंडाला पट्टा बांधतात, मग यंत्र धमन्या किती कडक झाल्यात ते बघतं आणि त्यांचं वय सांगतं. माझं वय एकसष्ट. धमन्यांचं आलं एक्केचाळीस. शेजारच्या मशीनवरच्या अल्हाजी इसाकाचं एकोणऐंशी. त्याची मनापासून कीव आली. तसं त्याला सांगितलंही.

पट्टा बांधणारी झिफा नवीन आहे, पण गुणी मुलगी. कुठला हात चालेल म्हणाली. मी उजवा पुढे केला. परक्या बाईपुढे डावा हात करायचा? कुमासीच्या शाळेत हेडमास्तर असताना एवढ्याच कारणावरून मी पोरांना छड्या मारल्यात. आता माझा फिस्टुला उजव्याच मनगटात आहे, ही गोष्ट वेगळी. मी मुळातला डावखुरा, कामाचा हात मोकळा राहावा म्हणून डॉक्टरांनी नसांचा जोड उजव्यात केला. मशीन रक्त घेतं ते तिथूनच. त्या हाताला पट्टा बांधू द्यायचा नाही असा नियम आहे खरा, पण नियम साधारण पेशंटसाठी असतात. बाही लांब होती. झिफाला दिसलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
बायको, सेर्वा, रोज सकाळी माझ्या मनगटाला कान लावते. जोडातून रक्त वाहतं त्याची घुंघुं येते. ती ऐकली की म्हणते, मास्तर, आहात तुम्ही. मग चुलीकडे जाते. आज तिला एक्केचाळीसची बातमी पुन्हा सांगितली. म्हणाली, मग माझ्याहून धाकटे झालात, पाणी भरून आणा.
संकल्प: धमन्या तरुण आहेत, तेव्हा पाणी मोजून पिण्याचं पथ्य जरा सैल करावं. रात्री फुफूचा कांडलेला गोळा आणि मटणाचं सूप. सूप म्हणजे काही पाणी नव्हे.

१५ जानेवारी, गुरुवार
डायलिसिसला गेलो नाही. चर्चच्या कॉयरची तालीम होती. एक्केचाळीसच्या माणसाला एक खाडा चालतो. सेर्वा बोलत नाहीये.

१७ जानेवारी, शनिवार
पायावर सूज. चढावर दम लागला. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ यंदा फार आहे.

१९ जानेवारी, सोमवार
अन्याय. तीच परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी खुद्द लॅम्प्टी डॉक्टरांनी. बाही वर करायला लावून डावा हात मागितला. डॉक्टर पुरुष असल्याने दिला. आलं चौऱ्याहत्तर. आठवड्यात माणूस तेहतीस वर्षांनी म्हातारा होतो का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हेच तर आम्हाला शोधायचंय, आणि गालात हसले. पेपर तपासताना परीक्षकानं हसू नये.
अल्हाजीचं सत्त्याहत्तर. दोन वर्षांनी तरुण झाला. म्हणतो, मास्तर, आता आपण एकाच वर्गात.

२२ जानेवारी, गुरुवार
डॉक्टर जेवायला गेल्यावर झिफाला गाठलं. फेरतपासणीचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारते. मी म्हटलं, बेटी, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी. उजवा पुढे केला. पट्टा या वेळी फार वेळ आवळून राहिला, हवा दोनदा भरावी लागली. त्रेचाळीस! डाव्या हाताचा निकाल बाद समजावा. मनगट जरा दुखतंय.

२६ जानेवारी, सोमवार
आज डॉक्टरांनी आकडे शेजारी शेजारी मांडले आणि झिफाला बोलावलं. कुठल्या हाताला बांधला होतास? ती रडायला लागली. मी मोठ्या मनाने सांगितलं की हात मीच दिला. डॉक्टरांनी माझी बाही वर सरकवून जोड बघितला. मग म्हणाले, जोडाच्या हातात रक्त आडवाटेनं पळतं, तिथलं एक्केचाळीस म्हणजे काहीच नव्हे. आणि वर असंही म्हणाले की परीक्षा माझी नव्हतीच, यंत्राची होती. किडनी गेलेल्या माणसात ते दोन्ही वेळा सारखंच बोलतं का, एवढंच बघायचं होतं. माझे सगळे आकडे संशोधनातून काढून टाकलेत.
काढून टाका. पण त्यांचं पुढचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. आवळल्यानं जोडात रक्त गोठू शकतं, आज मशीनला ते कमीच आलं, उद्या सकाळी घुंघुं नीट ऐका आणि नसली तर तडक इकडे या. जोड गेला तर मानेतून नळी घालावी लागेल, नि तुमच्या नसा बघता दुसरा जोड जमेल असं मी सांगू शकत नाही, म्हणाले.
डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते. सेर्वाला अजून सांगितलेलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळ
सेर्वानं मनगटाला कान लावला. नेहमीचं वाक्य बोलली नाही. कान हलवून जरा वर लावला, मग खाली. मीही डाव्या हाताचं बोट ठेवून पाहिलं. गारठ्यानं बोट बधिर झालं असणार.
भीती वाटतेय. फार वाटतेय.
सेर्वा म्हणाली, मास्तर, आधी तो पंखा बंद करा, त्याच्या आवाजात काही कळत नाही.
वीज काल रात्रीपासून गेलेली आहे; ती घुंघुं पंख्याची नव्हे.